मल्हाररावांच्या पुढच्या चाकाबाबत

मी भवानीबाई, कै. सदाशिवराव येसाजीराव इंगळे यांची पत्नी, राहणार लष्कर मोहल्ला, म्हैसूर, हे मृत्युपत्र सांगत आहे आणि आमचे शेजारी वेंकोबाराव मास्तर ते लिहून घेत आहेत. छातीत पाणी झाले आहे असे डॉक्टर म्हणतात, पण माझी बुद्धी जागेवर आहे. कोणी मला भरीस घातलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर दुसरे करायला सवड मिळेलसे वाटत नाही.

मला मूलबाळ नाही. माझ्या मालकीचे जे आहे ते असे: लष्कर मोहल्ल्यातील सायकल दुरुस्तीचे दुकान, त्यामागच्या दोन खोल्या व परसातला आड. ही जागा माझ्या माहेरच्या सोन्यावर, माझ्या नावाने घेतली आहे. इंगळे घराण्याचा तिच्यावर हक्क नाही.

ही सर्व जागा मी माझी धाकटी जाऊ रुक्मिणीबाई, कै. मल्हारराव इंगळे यांची पत्नी, हिला देते. पोस्टात माझ्या नावावर जे असेल तेही तिचे. तिने दुकान चालवावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे. विकल्यास माझा आत्मा तळमळेल वगैरे काही तिने मनात आणू नये.

तिलाच का, हे लिहिणे भाग आहे. वेंकोबाराव म्हणतात, "भवानक्का, कारण कलमात लागत नाही." मी म्हटले, "मला लागते. लिहा."

आमचे सासरे महाराजांच्या घोडदळात शिलेदार होते. माझे यजमानही तिथेच लागले. एकदा घोडा बांधताना दोराचा वेढा त्यांच्या अंगठ्याला बसला आणि त्याच क्षणी घोडा उधळला. उजवा अंगठा मुळापासून गेला. लगाम धरता येईना, तेव्हा नोकरी सुटली. सायकली नुकत्याच गावात दिसू लागल्या होत्या. यजमानांना यंत्राची आवड; त्यांनी दुकान काढले. साखळी, ब्रेक, आरे, सगळे त्यांना जमे. घट्ट टायर मात्र अंगठ्याशिवाय रिमवर चढत नाही. ते काम माझ्याकडे आले. ते सांगत, मी करीत असे. आमच्या घरात बायकांनी पुरुषांसमोर बसायची रीत नव्हती, म्हणून दुकानात गोणपाटाचा पडदा होता आणि मी त्यामागे बसत असे. टायर सदाशिवराव चढवतात असेच गिऱ्हाइकांना वाटे. आम्हीही ते वाटू दिले.

मल्हारराव माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा ते माझ्या पदराला धरून फिरत. मोठेपणी सायकलीवर असे बसत की खाली चाके आहेत हे विसरायला व्हावे. एका वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांनी शर्यत ठरवली होती, बन्नीमंटपाच्या मैदानापासून कडकोळ गावापर्यंत. त्याच सकाळी मल्हाररावांनी पुढच्या चाकाला नवे टायर आणले. ते फार घट्ट होते. यजमान बाजारात गेले होते. मी म्हटले, "इकडे द्या. साबणाचं पाणी लावते, थोडा दम धरा."

एवढ्यात थोरले दीर नरसिंगराव आत आले. मी पदर ओढून पडद्यामागे गेले. ते म्हणाले, "वेळ किती झाला बघ! आणि बायकांच्या हातचं चाक घेऊन शर्यतीला जातोस? आण इकडे." मग लोखंडी पट्टी रिमवर वाजल्याचा आवाज आला. जोर लावताना ते कण्हत होते. पट्टी आत घुसवून टायर उचकटले की ट्यूब पट्टी आणि रिम यांच्यामध्ये चिमटते, हे मला आवाजावरून कळत होते. थोरल्या दिरांशी बोलायचे नाही, हे ठाऊक असूनही मी पडद्यामागून म्हटले, "भावजी, ट्यूब बघा."

"गप्प बैस," ते म्हणाले.

मल्हारराव हसले. "इरली वहिनी, असू दे. परत आलो की तुम्हीच लावा."

कडकोळच्या अलीकडे उतारावर पुढचे टायर फुटले. सायकल आडवी झाली आणि त्यांचे डोके मोरीच्या दगडावर आपटले. बैलगाडीतून आणले तेव्हा जीव उरला नव्हता. रुक्मिणी तेव्हा नुकती नांदायला आली होती.

सुतक फिटायच्या आत नरसिंगरावांनी लोकांत सांगितले की ते चाक माझ्या हातचे. टायर बाई चढवते, हीच मोहल्ल्याला मोठी बातमी. मग त्यापुढचे कोण तपासणार? मोडकी सायकल त्यांच्या घरी नेली होती, ती मला बघायलाही मिळाली नाही. गिऱ्हाईक तुटले. स्टेशनाजवळचे घड्याळवाले भुजंगराव दारात येऊन म्हणाले, "बाईच्या हातचं चाक नको रे बाबा." माझ्याच हातच्या चाकांवर ते कित्येक वर्षे सुखरूप फिरत होते. भुजंगरावांना मी काही ठेवत नाही. तेवढे त्यांना कळवावे.

माझे यजमान मला एवढेच म्हणाले, "तू लावलंस?" मी नाही म्हटले. त्यांनी उठून गोणपाट ओढून काढले, घडी घातली आणि म्हणाले, "आता इथं बस. लोकांना बघू दे टायर कसं चढतं." त्या दिवसापासून मी उघड्यावर बसून काम केले. लोक बघायला जमत. मग हळूहळू सायकली घेऊन येऊ लागले.

दुकानात एक आवाज येतो, तो तेव्हापासूनचा आहे. दुपारची गिऱ्हाइके गेली, हातातले टायर रिमवर बसले, की जवळून कुठूनतरी बारीक हवा सुटल्यासारखे ऐकू येते. पहिल्यांदा आम्ही दोघांनी दुकानातली सगळी चाके पाण्यात बुडवून पाहिली. एकही बुडबुडा आला नाही. पुढे यजमान नुसते मान वर करून बघत. इन्फ्लुएन्झाच्या साथीत ते आजारी पडले तेव्हा शेवटी म्हणाले, "मल्हारीला आत घे. कधीचा दारात उभा आहे." मी उठून दार उघडले. दारात कोणी नव्हते. तरी मी बाजूला सरले, वाट दिली आणि मग दार लावले. त्यानंतर आवाज आतून येऊ लागला.

यजमान गेल्यावरही बरीच वर्षे रुक्मिणी नरसिंगरावांच्या घरी होती आणि माझ्याशी बोलत नव्हती. विहिरीवर मी दिसले की तोंड फिरवी. मी तिला दोष देत नाही. तिला जे सांगितले ते तिने धरले. एके दिवशी ती आपण होऊन दुकानात आली. उभ्यानेच म्हणाली, "अक्का, थोरले भावजी दुपारी झोपेत ओरडतात. 'पट्टी ठेव, पट्टी ठेव' म्हणतात. कसली पट्टी?"

मी म्हटले, "खाली बैस. टायर चढवून बघ."

ती बसली. घट्ट टायर दिले तसे तिचे अंगठे दुखू लागले. "हे होत नाही, अक्का," म्हणून तिने शेजारची लोखंडी पट्टी उचलली. मी थांबवले नाही. तिने पट्टी आत घालून जोर केला, टायर बसले, आणि पंप मारताच ट्यूब सुस्कारली. मी ती काढून तिच्या हातात दिली. आतल्या बाजूला दोन बारीक चिरा होत्या, नखांनी चिमटा काढावा तशा, एकमेकींकडे तोंड केलेल्या.

रुक्मिणीने चिरांवरून बोट फिरवले. मग ती ट्यूब घेऊन घरी गेली. तिने मल्हाररावांच्या फेट्यासोबत त्या चाकाची ट्यूब ट्रंकेत जपून ठेवली होती, हे मला तेव्हा कळले. ट्यूब लांब फाटली होती, पण फाटलेल्याचे एक टोक तसेच वाकडे होते आणि त्याच्यासमोर दुसरी चीर तशीच्या तशी. टायर चढवताना माझ्या हातात पट्टी कधीच नसते, हे तोवर सगळ्या मोहल्ल्याने पाहिले होते.

नरसिंगराव जेवायला बसले होते. तिने दोन्ही ट्यूबा त्यांच्या ताटाशेजारी ठेवल्या आणि म्हणाली, "बघा. हौदा, होय का नाही? खरं का खोटं?" ते ताटावरून उठले. ती ट्रंक घेऊन माझ्याकडे आली, ती आजपर्यंत इथेच आहे. माझ्यासाठी तिने भरले घर सोडले. म्हणून घर तिला.

आता हत्यारे. पाने, पंप, चिमटे, शंखजिऱ्याच्या पुडीचा डबा, सारे रुक्मिणीचे. लोखंडी पट्ट्या मी गेल्यावर आडात टाकाव्यात. काम तिला येते. तरी मी नसताना तिने घाई करू नये म्हणून सांगते. ट्यूबेला पूड लावावी आणि ती गोल होईल एवढीच हवा भरून आत बसवावी. टायरची शेवटची कड चढवताना वॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून दोन्ही हातांनी वॉल्व्हकडे यावे. कडेची तार रिमच्या मधल्या खोलात ढकलत राहिले की शेवटी तेवढीच ढील हाताला मिळते. न मिळाल्यास पुन्हा पहिल्यापासून दाबत यावे, साबणाचे पाणी लावावे, अंगठ्यांना थोडा विसावा द्यावा. टायर बसल्यावर वॉल्व्ह आत ढकलून परत ओढावा आणि दोन्ही बाजूंनी फिरवून बघावे, ट्यूब कुठे डोकावते का. मगच हवा.

काम करताना तो आवाज आला तर तिने घाबरू नये. हात पुसावेत आणि क्षणभर थांबावे. तो तिचाच नवरा आहे. मला भीती होती ती वेगळी, की मी गेल्यावर त्याला ऐकणारे कोणी उरणार नाही. रुक्मिणीलाही ऐकू येतो, हे तिने मला गेल्या श्रावणात सांगितले. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते," म्हणाली. आम्ही दोघी त्या दिवशी पुष्कळ रडलो.

मल्हाररावांचे पुढचे चाक नरसिंगरावांच्या माडीवर आहे. ते माझे नाही, म्हणून मला देता येत नाही. माझी इच्छा एवढीच की ते भंगारात जाऊ नये.

राहता राहिले नरसिंगराव. ते आता थकले आहेत. कधी दुपारी आमच्या दुकानासमोर येऊन उभे राहतात. टायर चढताना बघतात आणि पंप हातात घेतला की निघून जातात. एकदा निघताना ते दचकून दुकानाकडे वळले. मी त्यांच्या तोंडाकडे बघितले आणि समजले की त्यांनाही ऐकू आले. त्यांनी माझी क्षमा मागितलेली नाही आणि मी केलेली नाही. मी या मृत्युपत्राने त्यांना एक चमचाही देत नाही. राग हे त्याचे कारण नव्हे. ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये, असे वकिलांनी सांगितले आहे. त्यांनी साक्ष घालावी अशी माझी इच्छा आहे. त्यांना निरोप पाठवला आहे. ते आले तर हे सर्व मोठ्याने वाचून दाखवावे. न आल्यास दुसऱ्या दोघांच्या साक्षी कायद्याला पुरतात.

अंगठ्यावरच्या रेषा टायरांनी झिजवल्या आहेत, ठसा नीट उठत नाही. म्हणून माझ्या हाताने सही करते.

स्थळ: लष्कर मोहल्ला, म्हैसूर
मिती: कार्तिक शुद्ध पंचमी, प्रभव संवत्सर, शके १८४९

भवानीबाई सदाशिवराव इंगळे

साक्षीदार, ज्यांच्यादेखत वरील सही झाली:

वेंकोबाराव प्राणेशराव, शिक्षक. लिहिणारही मीच.

गंगाधरराव पद्मनाभराव, शेजारी.

नरसिंगराव येसाजीराव इंगळे. उभ्याने ऐकले. लिहिले आहे ते खरे. चाक मी चढवले.