गाडीतलं खाणं

मिल्टन कीन्स, इंग्लंड, गुरुवार, संध्याकाळी साडेसात

लायब्ररीतल्या पुस्तकात वाचलं, अमेरिकेत मोटारी वाढल्या तशा रस्त्याकडेच्या खानावळी ट्रे थेट गाडीच्या दाराला अडकवू लागल्या. पुढे गाडीतून न उतरता खाणं घ्यायची खिडकीच निघाली. मी नाक मुरडलं होतं. हे काय जेवण झालं?

आज नात ईशाला स्विमिंगहून आणताना तिच्या हट्टापायी तसल्याच खिडकीशी गेले. मग कार पार्कमध्ये थांबलो. चिप्स खाता खाता, समोरच्या काचेकडे बघत ती म्हणाली, "आजी, नव्या स्कूलमध्ये लंचला माझ्याबरोबर कुणीच बसत नाही. डॅडला सांगू नको हं."

"कधीपासून गं?"

"सप्टेंबरपासून."

म्हणजे दोन महिने. रोज रात्री ही पोर माझ्यासमोर टेबलाशी जेवते. आणि जेवताना बोलायचं नाही, हा नियम कुणाचा? माझाच. चांगलं वळण म्हणून चारचौघांत मिरवलाही. सुहासला सांगावं का? तिनं नको म्हटलंय. पण लेकराचा बापच तो...

निघालो तरी ती बोलतच होती. घराचं वळण आलं, तिचं अजून संपेना. मी घराकडे न वळता राउंडअबाउटच्या गोल चौकाला आणखी दोन फेऱ्या मारल्या.