पहिली रांग

सोमवार, ता. १४, दुपार

ती. दादास,
धाकट्या बहिणीचा नमस्कार.

आम्ही इकडे बऱ्या आहोत, तुम्हीही बरे असाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. फोन तू उचलत नाहीस. दारात आले तर वहिनीला बोलायला पाठवशील आणि स्वतः आत रंधा मारत बसशील. म्हणून हा कागद. पेपरवाल्याच्या हाती देते आहे, तो तुमच्या गल्लीत येतोच. फाडायचा असला तर खुशाल फाड, पण आधी वाच.

वहिनीचा खोकला गेला का? तुझी कंबर कशी आहे? वाकून काम करू नकोस म्हटलं की तू म्हणायचास, "मैदानावरचं ज्ञान मैदानावर ठेव." ठेवलं बाबा.

इकडची खबर म्हणजे मैदानाला कुंपण झालं, दिवे आले, मुलींना कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली मिळाली. गोदामामागच्या त्या खाचखळग्यांत मी रग्बी सुरू केली तेव्हा तू काय म्हणाला होतास, आठवतं? "पोरींना ढकलाढकली शिकवून त्यांचं काय भलं करणार आहेस?" तर भलं झालं, दादा. चौदा जणी नोकरीला लागल्या. इस्त्रीवाल्याची थोरली, जिच्या तोंडून घरात शब्द फुटत नव्हता, ती फाटकावर उभी राहून ट्रकवाल्यांना दम देऊ लागली. सगळ्यांना एकाच सुरक्षा एजन्सीने घेतलं. त्यांचे साहेब स्वतः सराव बघायला यायचे. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. म्हणाले, "शिकलेली माणसं आम्हाला ढीगभर मिळतात. एकमेकांना धरून पुढे सरकणारी मिळत नाहीत." मी केवढी फुगले होते म्हणून सांगू.

आणि त्या चौदांतलीच एक तुझी लेक. घरी तुम्ही तिला मनी म्हणता, इथे सगळ्या तिला खांब म्हणतात. तुझ्याशी भांडून माझ्याकडे राहायला आली त्याला दोन वर्षं होतील. तुझी चौकशी करत नाही. पण तुझा विषय निघाला तर उठूनही जात नाही. बापाचाच हट्ट आहे, दुसरं काय.

तू खेळ बघायला कधी आला नाहीस, म्हणून सांगते. आठ जणी तीन रांगांत एकमेकींना खांदे अडकवतात आणि समोरच्या आठ जणींना रेटतात. पहिल्या रांगेत तिघी. मागच्या सगळ्यांचा जोर त्यांच्या माना-खांद्यांवर येतो. तिथे मधोमध मी मनीला ठेवते, कारण ती हलत नाही.

नमनाला घडाभर तेल झालं. आता लिहिते.

फाटकावरचं काम थोडेच महिने चाललं. मग एजन्सी जागा मोकळ्या करून द्यायची कामं घेऊ लागली. पहिल्यांदा मुली एका दुकानातल्या लोकांना बाहेर काढून आल्या तेव्हा हसत होत्या. हातात प्लास्टिकच्या ढाली, डोक्यावर हेल्मेट, कुणाला खरचटलंही नव्हतं. मीही हसले. पुढच्या खेपेनंतर इस्त्रीवाल्याची पोर दोन दिवस सरावाला आली नाही. आली तेव्हा मी तिला काही विचारलं नाही. पाणी कुठेतरी मुरतंय हे कळत होतं, पण साहेबांच्या पैशाने नवे दिवे लागले होते ना.

गेल्या सोमवारी साहेबांचा माणूस चुन्याची पिशवी घेऊन आला आणि त्याने मैदानावर एक अरुंद वाट आखली. साहेब म्हणाले, "पुढच्या आठवड्यात गुरुवारी अशा जागेत काम आहे. मुलींना तीन-तीनच्या रांगांत इथून सरकायला शिकवा." जागा कुठली हे मुलींना गाडीत बसल्यावरच सांगतात. मी उभी राहून बघत होते. वाट थोडी सरळ गेली, नळाच्या खुणेपाशी डावीकडे वळली, मग आकसली. दादा, त्या वळणावर सायकल शिकताना मी गुडघे फोडून घेतले आहेत. तूच मागून धरलं होतंस.

गल्ली रिकामी करायची मुदत बुधवारी संपते, आणि ती नोटीस तू दुकानाच्या दारावर उलटी चिकटवून ठेवली आहेस, हे पेपरवाल्याने सांगितलं. गुरुवारी गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांच्या पुढे तू उभा राहणार आहेस, हेही त्यानेच सांगितलं.

मी साहेबांना म्हटलं, हे माझ्या भावाचं घर आहे, तिथे त्याची मुलगी नेऊ नका. त्यांचा आवाजसुद्धा चढला नाही. म्हणाले, "मग तर चांगलंच आहे. समोर आपलं माणूस दिसलं की लोक हात उचलत नाहीत." मी म्हटलं, माझ्या पोरी येणारच नाहीत. तर म्हणाले, "त्यांना विचारा."

जागा कुठली ते न सांगता विचारलं. चौदाच्या चौदा जणी बुटांच्या नाड्या बांधत बसल्या. कुणाच्या घरी तेवढाच पगार येतो, कुणी धाकट्याला शिकवते आहे. मीच लावून दिलेली नोकरी सोडा, हे कुठल्या तोंडाने सांगू? आपलेच दात, आपलेच ओठ.

मनीला काही ठाऊक नाही, असं मी धरून चालले होते. खरं सांगायचं तर तेच मला सोयीचं होतं. त्या चुन्याच्या वाटेत नळ होता, वळण होतं, पण तुझ्या दारापुढे गल्लीत आलेली पायरी त्या माणसाने आखलीच नव्हती. तिथे नुसती सपाट माती. रांग तिथवर आली आणि मनीने पाय उंच उचलून टाकला. मागची तिच्यावर आपटली. पुढच्या फेरीलाही तसंच. तिच्या लक्षातही आलं नव्हतं. मी शिट्टी मारून सराव थांबवला.

रेटताना कान सोलवटू नयेत म्हणून बांधतात ती पट्टी ती गुंडाळत बसली होती, तिथे जाऊन मी म्हटलं, "तुला कळलंय." ती म्हणाली, "पहिल्याच दिवशी." मी म्हटलं, "आजारी पड. मी सांगते साहेबांना." तर म्हणाली, "आत्या, मी नसले तर मधे ठेंगणी येईल. ती बाबांना ओळखत नाही." एवढं बोलून पट्टीचं टोक माझ्या हातात दिलं, बांधायला. मी बांधलं.

दादा, बुधवारी वहिनीला घेऊन तिच्या भावाकडे जा. हत्यारं उचल, लाकूड राहू दे. लोक तुला पळपुटा म्हणतील, म्हणू देत. मी हात जोडते. आजवर तुझ्यापुढे कधी जोडले नाहीत.

तू जाणार नाहीस. तुला मी काही आजची ओळखत नाही.

मग एवढं तरी ऐक. खेळात कुणी घसरलं तर पंच शिट्टी मारतो आणि सगळ्या जागच्या जागी सुटतात. गल्लीत पंच नसेल. पुढची थांबली हे मागच्यांना दिसत नाही, त्या रेटतच राहतात, आणि सगळा भार थांबलेलीच्या मानेवर येतो. मागे सरावात एकदा झालं होतं. त्या मुलीला अजून उजव्या हाताने केस विंचरता येत नाहीत, आणि तेव्हा तर शिट्टी लगेच वाजली होती. गुरुवारी मी रांगांच्या मागे उभी राहणार आहे, साहेबांनी नको म्हटलं तरी. पण त्या गोंगाटात, हेल्मेटच्या आत माझी शिट्टी कुणाला ऐकू जाईल, याची खात्री मला देता येत नाही.

म्हणून ती समोर आली की भिंतीला लाग. नाहीच लागलास, तर ओरड, मला शिव्या घाल, माझ्या नावाने बोटं मोड. पण तिला हाक मारू नकोस. मनी म्हणू नकोस, बाळ म्हणू नकोस. दोन वर्षं ती त्या हाकेची वाट बघते आहे. तू हाक मारलीस तर ती थांबेल.

तुझी बहीण,
तिची कोच