पाणंदीच्या कडेचा ऊस

डिंगोरे,
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

ती. द्रौपदाताईंना,
अमृताचा नमस्कार.

या जमान्यात पत्र कसलं लिहिते ही, असं म्हणाल. पण फोन तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तरी "हं"च्या पुढे गाडी जात नाही. पोपट भावजी उद्या तुमच्या माहेरी अवसरीला निघालेत, त्यांच्या पिशवीत भाजणीच्या डब्याखाली हे ठेवते. वाचलंत की नाही ते परत आल्यावर त्यांच्या तोंडावरून मला कळेलच.

इकडे सगळं ठीक. मामंजींचा गुडघा थंडीने कुरकुरतोय. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तुम्ही गेल्यापासून भावजी जेवायला आमच्यातच असतात. भाजीत मीठ विसरलं तरी मुकाट खातात. त्यापेक्षा ओरडले तर बरं वाटेल.

खरी बातमी तुमच्या लाडक्या पुतणीची. आरोहीने अख्ख्या गावाला कामाला लावलंय. गेल्या वर्षापासून तिचे बाबा तिला गाडीवरच शाळेत सोडायचे, का ते तुम्हाला सांगायला नको. दिवाळीची सुट्टी संपली त्या सकाळी पाणंदीत अक्षदा आणि वस्तीवरची पोरं चालत जाताना दिसली. अक्षदाचे आईबाप आपल्याच टोमॅटोत रोजाने येतात, त्यांच्याकडे गाडी कुठली? दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ऊस, मधून ही चिमुरडी, एकमेकांची दप्तरं धरून. आरोही गाडीवरून उतरली. म्हणाली, "बाबा, समदी बसली तर मी बसन." ह्यांनी समजावलं, दटावलं, शेवटी मागे मागे गाडी ढकलत शाळेपर्यंत गेले. घरी येऊन माझ्यावर ओरडले, जसं काही मीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती विळा घेऊन आपल्या उसात शिरली. शिरली म्हणजे कडेलाच. पाणंदीलगतचा ऊस कापायला लागली. का, तर वाट लांबवर दिसावी, बिबट्याला दबा धरून बसता येऊ नये. तुम्हाला ठाऊक आहे, कारखान्याच्या ऊसतोडीच्या टोळ्या अजून आपल्या शिवारात आलेल्या नाहीत. टोळीच्या आधी तोडलेला ऊस म्हणजे नुसता चारा. हे धावत गेले, पाहतात तर पोरीचे हात पातीने चिरलेले आणि कापून झालेला ऊस केवढा, तर बैलाच्या एका घासाचा. त्यांनी विळा हिसकावला. मला वाटलं, आता हिच्या पाठीत बसणार. पण ते घरी आले, कोयता घेतला आणि अंधार पडेपर्यंत तोडत राहिले. तुमचे दीर आहेत ते, मनातलं बोलले तर बिघडेल ना!

पुढचं ऐकून तुम्हाला खरं वाटणार नाही. सकाळी सावळेराम आला. तोच, वीतभर बांधासाठी ज्याने सख्ख्या भावाला कोर्ट दाखवलं. उभा राहून बघत बसला. मग म्हणाला, "पोरीनं लाज काढली राव," आणि त्याने स्वतःच्या उसाच्या कडेच्या दोन सऱ्या काढल्या. सावळेरामने काढल्या म्हटल्यावर मागे कोण राहणार? पाणंदीला लागून ज्याचा ऊस, तो आपणहून काढायला लागला. ना ग्रामसभा, ना ठराव. तोडलेला ऊस कडेला टाकायचा आणि ज्याला लागेल त्याने न्यायचा. कोंडाबाईला ना जमीन ना ऊस, नुसत्या शेळ्या. ती म्हणाली, "मी काय द्यावं? माजे पाय हायेत." आता सकाळ-संध्याकाळ पोरांच्या पुढे थाळी बडवत ती चालते. शाळेतल्या गुरुजींनी फोटो पाठवले, ते कुठे कुठे फिरले देव जाणे. पण ओतूरकडे, नारायणगावकडे लोकांनी शाळेच्या वाटांवरचा ऊस मागे घेतल्याच्या बातम्या येतात. कुणी ओळख ना पाळख, पोरांसाठी शिट्ट्या पाठवल्या, कुणी सौरदिवे. मला अभिमान वाटतो, पण पोर घरी येईपर्यंत मी दारातच उभी असते.

कारण वाट सगळी मोकळी झाली नाही. ओढ्याच्या वळणावरचा तुकडा तसाच आहे.

तुमचा आहे ताई.

गेल्या साली टोळी आली ती तुम्ही परत पाठवलीत, तो ऊस आता पार लोळलाय, त्यातूनच नवा फुटलाय. दिवसाही आत उजेड नाही. भावजींना विचारलं तर म्हणतात, "तिनं सांगितलंय, कोयता लावायचा नाय. मी नाय लावणार." लोक म्हणाले, त्यांना कशाला विचारायचं, आपण काढून टाकू. तर आरोहीच आडवी आली. "मोठ्या आईला इचारल्याबिगर नाय. तिनं दिलं पायजे." आणि तोवर ती त्याच वाटेने चालणार.

मी काय मागते ते तुम्हाला कळलं असेल. तुमच्या लेकाचं नाव मी घेत नाही. माझ्याने लिहवत नाही.

तुमची,
अमृता

*

डिंगोरे,
मंगळवार, २५ नोव्हेंबर

ताई,

भावजी परवा परत आले आणि न जेवता झोपले. त्यावरून तुम्ही पत्र वाचलंत हे कळलं. उत्तर नाही. मी आणखी वाट बघणार होते, पण आता थांबता येत नाही.

आज शाळा सुटल्यावर ओढ्याच्या वळणावर ते जनावर बाहेर आलं. तुमच्या उसातून. पोरं पंधरा-वीस पावलांवर होती. कोंडाबाईने थाळी बडवायच्या ऐवजी टाकूनच दिली, एवढी घाबरली. समोरच्या बाजूचा ऊस काढलेला, म्हणून पोरांना ते लांबूनच दिसलं, नाहीतर अंगावरच गेली असती. आरोहीने अक्षदाला पाठीशी घेतलं आणि सगळ्यांना एकत्र धरून शिट्ट्या फुंकायला लावल्या. ते मोकळ्या रानात दोन पावलं गेलं, थांबलं, वळून पुन्हा तुमच्या उसात शिरलं. अजून आतच आहे.

कुणाला ओरखडासुद्धा नाही. हे आधी लिहायला हवं होतं.

आता सगळा गाव त्या तुकड्याभोवती जमलाय. कोयते आहेत, पलिते आहेत. पेटवून द्या म्हणतात. पुढे कोण उभं आहे विचारा. आरोहीचे बाबा. आणि त्यांच्यासमोर बांधावर आरोही. "मोठ्या आईचा ऊस हाये," एवढंच बोलतेय. मी तिला लोकांदेखत मुस्काटात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. ती रडली नाही, हललीही नाही. शेवटी सावळेराम मध्ये पडला, "उद्या दुपारपर्यंत थांबू, मग न्हाई थांबायचं." वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन येतायत.

ताई, मला चांगलं वागता येत नाही आता. मला माझी पोर हवी आहे. तुमचं दुःख मोठं आहे, मी पायाशी बसून ऐकेन, पण माझी पोर तुमच्या उसासमोर उभी आहे आणि ती माझं ऐकत नाही. ती फक्त तुमचं ऐकेल. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण तिला म्हणा.

शेजारचा पोऱ्या नको म्हणून भावजींनाच आत्ता गाडीवर पाठवते आहे. उत्तर घेतल्याशिवाय ते हलणार नाहीत.

अमृता

*

अवसरी बुद्रुक,
मंगळवारी रात्री

चि. आरोहीस,
मोठ्या आईचा आशीर्वाद.

तुझे मोठे बाबा ओट्यावर बसलेत. चहा दिलाय, पीत नाहीत.

तुझी आई लिहिते जणू मला ऊस प्यारा आहे. मला ऊस काय करायचा? गेल्या साली टोळी आली, ट्रॉली लावली, मोबाईलवर गाणी लावली. ऊस गेला असता, तिथं कांदा लागला असता, आणि जिथं माझ्या पोराला बिबट्यानं नेलं त्या वळणावरून जाताना लोक कांद्याच्या भावाचं बोलले असते. मला ते नको होतं. तिथून जाणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात भीती उठावी, माझ्या पोराची आठवण व्हावी, म्हणून मी तो उभा ठेवला. तो ऊस मी गावावर राग म्हणून ठेवला होता. त्या भीतीतून तू आणि अक्षदा रोज चालत होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

आता सगळ्यांनी दोन-दोन सऱ्या दिल्या. चांगलं केलं. पण गेल्या साली, त्याच्या आधी, कुणाला का नाही सुचलं? हे मी सावळेरामला विचारणार आहे, तुझ्या बाबाला विचारणार आहे, तुझ्या मोठ्या बाबांनाही. तू यात पडू नकोस. तुला सुचलं.

दोन सऱ्या नकोत. सगळा काढा. कडेचा, मधला, ओढ्यापर्यंतचा. आधी वनखात्याच्या माणसांना त्यांचं काम करू दे, पेटवायचं नाही. पुन्हा तिथं ऊस लागणार नाही. भुईमूग लावू, गुडघ्याच्या वर जाणार नाही असं काहीतरी.

आईने मारलं म्हणून तिच्यावर रुसू नकोस. मला मारायलासुद्धा पोर उरलं नाही.

हे पत्र घेऊन तुझे मोठे बाबा आत्ताच निघतील, मी उद्या पहिल्या एसटीनं निघते. उद्या शाळेला जायचं, पण मी पाणंदीच्या तोंडाशी पोचेपर्यंत पाऊल पुढं टाकायचं नाही. कोंडाबाईला सांग, पुढं ती चालेल, मागं मी. रोज. तुम्ही सगळी मोठी होईस्तोवर.

तुझी मोठी आई,
शौर्यची आई,
द्रौपदा