माझ्या लग्नातली तुमची ड्यूटी

बाबा, काल मी तुमच्यासारख्या माणसांचा एक सिनेमा पाहिला. जुना, काळा-पांढरा, विलायती. लेकीने क्लासमधून आल्यावर लॅपटॉपवर लावला, म्हणाली, ‘मम्मी, हॉरर आहे, एकदम डरावनी.’ सर्कशीत लोक तिकीट काढून ज्यांना बघायला येतात अशी माणसं त्यात. कुणाला पाय नाहीत, कुणी तुमच्याएवढं, साडेतीन फूट. सगळी खरी. शेवटी ती चिखलातून सुरे घेऊन सरपटत येतात, तेव्हा लेक माझ्या दंडाला चिकटली. मला त्यांची भीती नाही वाटली. मी त्याआधीच्या लग्नाच्या जेवणातच अडकले होते. त्यांच्यातल्याच एका बुटक्याशी लग्न केलेली धडधाकट नवरी त्यांच्याच पंगतीत बसून त्यांनाच हसते. मला तिचा राग आला, आणि मग माझा.

तुम्ही तरुणपणी जत्रेच्या तंबूत उभे राहायचात. दिवसा बाहेर पडायची बंदी, फुकटात दिसलात तर तिकीट कोण काढणार? पुढे तंबू गेला आणि मॅरेज गार्डनच्या गेटवर लाल फेटा बांधून पाहुण्यांना सलाम ठोकायचं काम आलं. आपल्या परदेशीपुऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मी स्थळ लांबचं पसंत केलं आणि मुलाकडच्यांना सांगून टाकलं, वडील नाहीत. जीभसुद्धा अडखळली नाही मेली. घरी येऊन कबूल केलं तेव्हा आई पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. मला वाटलं, तुम्ही आता कानाखाली द्याल. तुम्ही आईला म्हणालात, ‘अगं, मग कुंकू पूस, मंगळसूत्र काढून ठेव. खेळ करायचा तर पूरा करायचा.’ नवरा जिवंत असताना ती माझ्या लग्नात विधवा म्हणून कोपऱ्यात बसली. सवाष्णींच्या ओट्या भरल्या, तिला कुणी बोलावलं नाही.

आणि तुम्ही गेटवर होतात. ती ड्यूटी तुम्ही मालकाकडून मागून घेतली होती, हे आईने फार नंतर सांगितलं. व्याहीभेट मामाने घेतली. सासऱ्यांनी आत येताना तुमच्या डोक्यावर टपली मारली, ‘क्यों भिया, नाचोगे नहीं?’ आणि तुम्ही नाचलात. मी वरच्या खोलीच्या खिडकीतून बघत होते. रडू नाही आलं, बाबा. तुम्ही वर बघाल एवढाच धसका होता. तुम्ही नाही बघितलं.

सिनेमा संपल्यावर लेक म्हणाली, ‘तुमच्या लग्नाच्या व्हिडिओत पण असे एक अंकल आहेत ना, आजोबांसमोर नाचणारे? कौन थे वो?’ तुमचा जावई शेजारीच चहा पीत होता. सासरे कधीच गेले, आईही गेली, आता मला कुणाची लाज? तरी मी म्हणाले, ‘असेल गार्डनवाल्यांचा माणूस.’

हा कागद मी आता गॅसवर धरणार आहे. लेकीला मराठी छान वाचता येतं, तुम्ही गेल्यावर मीच तिला शिकवलं.