ब्रेकची सरासरी

३ मार्च
मीटिंगमध्ये प्लॅन मांडला. आमच्या विजेच्या व्हीलचेअरमध्ये एकच चिप. तिच्यात चार मोठे प्रोसेसर, कोपऱ्यात एक छोटा. मोठ्यांवर स्क्रीन, नकाशा, आवाज. छोट्यावर फक्त ब्रेक. म्हणजे चार खोल्यांचं घर असून एकजण माळ्यावर झोपतो! मी हायपरवायझर बसवणार, म्हणजे एकाच प्रोसेसरवर अनेक कामं वेगवेगळी चालवणारं सॉफ्टवेअर. मोठ्या खोल्यांत सगळेच भाडेकरू, आणि प्रत्येकाला वाटणार आपणच मालक. ब्रेकही तिथेच. छोटा बंद.
सगळे आपापले मोबाइल बघत बसले. गाढवाला गुळाची चव काय!
हे जमलं की चीफ आर्किटेक्टची पोस्ट माझी. संकल्प: तरीही नम्र राहायचं.

५ मार्च
ब्रेकचं काम बघणाऱ्या बाईंनी फाटे फोडले. ब्रेक दरवेळी वेळेवर लागायला हवा म्हणे. मी सांगितलं, सरासरी उशीर दोन मिलिसेकंद. त्यांनी विचारलं, वाईटात वाईट किती? म्हटलं, मी वाईट विचार करत नाही.

९ मार्च
टेस्ट झाली. स्क्रीन बंद, नकाशा बंद, ब्रेक झकास. शितावरून भाताची परीक्षा. सगळं चालू ठेवूनही बघणार होतो, पण तेवढ्यात चहा आला.

१२ मार्च
सासऱ्यांचे गुडघे गेलेत. दोन महिने उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. डेमोला त्यांनाच बसवतो. बायको म्हणाली, बाबांना खरचटलं तरी याद राख. घरात माझी ही किंमत.

१४ मार्च
बाई अडून बसल्या. छोटा प्रोसेसर पहाऱ्याला ठेवायचा. मोठ्याकडून ब्रेक लागला नाही, तर तो लावेल. कुलूप चारदा ओढून बघणाऱ्यांतल्या आहेत. साहेबांनी होकार दिला, म्हणून मीही उदार मनाने परवानगी दिली.

१८ मार्च, सकाळ
आज डेमो. स्क्रीनवर ऐनवेळी स्वागताचं ॲनिमेशन टाकलं. उगवता सूर्य, खाली माझं नाव.

१८ मार्च, दुपार
उतारावर सासऱ्यांनी ब्रेक दाबला. खुर्ची जरा विचार करून थांबली. भिंतीपासून हातभर अलीकडे. सासरे पांढरेफटक. मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. थांबली ना शेवटी?

१९ मार्च
खुर्चीचा लॉग, म्हणजे क्षणाक्षणाची नोंद, पाहिला. माझा ब्रेक स्क्रीनवरचा सूर्य उगवेपर्यंत रांगेत उभा होता. खुर्ची थांबवली छोट्याने. बाईंनी लॉगमधली ती ओळ तेवढी अधोरेखित केली. मुद्दाम! खरी चूक सासऱ्यांची. नेमका तेव्हाच ब्रेक कशाला दाबायचा? सरासरी अजूनही उत्तम आहे.

२२ मार्च
साहेबांनी बोलावलं. ब्रेक परत छोट्यावर. पोस्ट बाईंना. हायपरवायझर फक्त स्क्रीन आणि नकाशापुरता, आणि ते काम माझ्याकडे. तिथे उशीर झाला तरी कोणाचं अडत नाही, म्हणाले. मी आठवण करून दिली की मूळ कल्पना माझीच. ते दुसरा फोन घेत होते.
वाईट वाटलं. फार नाही. बरंच.

२९ मार्च
खुर्ची घरी आली. सासऱ्यांना स्क्रीनची सगळी खुबी समजावली. रंग, नकाशा, नवा सूर्य. ते काठी टेकून दाराशीच उभे. मग बायकोला विचारलं, ब्रेक त्या बाईंचाच ना? ती हो म्हणाली, तेव्हा बसले.
रस्त्याच्या टोकापर्यंत एकटे जाऊन आले. चेहरा फुलला होता. बायकोच्या डोळ्यांत पाणी. मी विचारलं, स्क्रीन कशी वाटली?
ती त्यांनी निघतानाच बंद केली होती.