बेटम्याहून आलेल्या फोनांचा खुलासा

लोकमान्य नगर, इंदूर
तुळशीचं लग्न होऊन गेलं, थंडी बेताची

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकट्या लक्ष्मीकांताचा, कंबर परवानगी देते तेवढा वाकून नमस्कार.

इकडे सर्व खुशाल आहेत. (सर्व म्हणजे मी. पत्रात ‘सर्व’ लिहायची सवय आहे, ती मोडवत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? तिकडच्या अमेरिकन गाद्या फार मऊ असतात आणि त्यांवरून उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो असं म्हणतात, तेव्हा संहिताला सांगून गादीखाली एखादी फळी घालून घ्या. सून आपलीच आहे, संकोच करू नका. खरं तर हे सगळं मी मोबाइलवर विचारलं होतं, पण त्यावर तुम्ही अंगठ्याचं चित्र पाठवलंत. मध्ये मला चांगला सणकून ताप आला होता, तेही कळवलं, त्यावरही अंगठाच आला. अंगठ्याला माणसाने काय उत्तर द्यावं ते मला या वयात सुचत नाही, म्हणून कागद घेऊन बसलो आहे.

अक्षय्य तृतीयेला गेलात तेव्हा दिवाळीला परत यायचं ठरलं होतं. दिवाळीच्या तोंडावर ते संक्रांतीवर गेलं. आता उन्मेष म्हणतो की होळीनंतर बघू, आणि तुमचे कायमचं तिथे राहण्याचे कागदही टाकून ठेवावेत असा त्याचा विचार आहे. मुलाचं घर आहे, हवा चांगली आहे, समुद्र जवळ आहे. मी त्यावर फोनवर काही बोललो नाही आणि या पत्रातही बोलणार नाही. हे पत्र केवळ खुलाशासाठी आहे. गेल्या रविवारी बेटम्याहून तुम्हाला भर मध्यरात्री एकामागून एक फोन आले, त्यात मधुरिमा रडली, अप्पासाहेबांनी उन्मेषला धीर धरायला सांगितलं आणि कोणीतरी तुमचा रक्तगट विचारला, त्या सगळ्याचं मूळ मी आहे. (मी आणि आपला पितळी गणपती. पण त्याला पत्र लिहिता येत नाही.)

तुम्हाला ती डिसेंबरातली सकाळ आठवत असेलच. रॉकेटचं खालचं मोठं नळकांडं, ज्याला बूस्टर म्हणतात आणि जे आजवर सगळे समुद्रात टाकून मोकळे होत, ते परत येऊन स्वतःच्या पायांवर उभं राहणार, असं तुम्ही आठवडाभर सगळ्या गल्लीला समजावत होतात. तुम्ही कॉलेजात गणित शिकवलेलं, त्यामुळे फरशीवर खडूने वक्ररेषा काढून. याआधीचे बूस्टर तराफ्यावर उतरता उतरता आडवे होऊन फुटलेले आपण पाहिले होते आणि माझ्या सुमनला ते बघवलं नव्हतं. त्या दिवशी पोहे परतता परतता ती उठली, देव्हाऱ्यातला गणपती उचलला आणि दुधाच्या पातेल्यात पाणी घालून त्यात बसवला. तुम्ही चिडलात. परीक्षा असो, ऑपरेशन असो, घरावर संकट आलं की देव पाण्यात ठेवावा हे ठीक, पण परदेशातल्या नळकांड्यासाठी? तेव्हा ती काय म्हणाली ते मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं. “वर गेलेलं खाली नीट यावं, एवढंच तर मागतेय. ते कुणाचं आहे हे देवाला कशाला सांगायचं?”

आणि तो आला की हो. धुरातून, आगीवर बसल्यासारखा, उभाच्या उभा. ज्यांना मी उन्मेषच्या लग्नातही टाळ्या वाजवताना पाहिलं नाही ते माझे दादा पोह्यांची बशी हातात आहे हे विसरून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला गेले आणि पोहे सतरंजीवर. समोरचे रघुवीरजी चपला न घालता कोपऱ्यावरून जिलेबी घेऊन आले. सुमनने गणपती बाहेर काढून पदराने पुसला आणि तिथल्या तिथे नियम घालून दिले. दर उड्डाणाला देव पाण्यात जाणार. बूस्टर पायांवर उभा राहीपर्यंत तो बाहेर येणार नाही आणि कोणाला चहा मिळणार नाही. आणि पाण्यातला देव एकटा सोडायचा नाही, कोणीतरी जवळ पाहिजेच.

पुढची दोन-तीन वर्षं आपल्या दिवाणखान्याला थिएटरची कळा आली होती. बायका निवडायला मेथी घेऊन यायच्या, रघुवीरजी नातवंडांना घेऊन पुढच्या रांगेत, तुम्ही मधोमध. एखादा फुटला की सुतक पडल्यासारखं वाटायचं. पण दादा, मग ते फुटेनासेच झाले. महिन्याला एक, मग आठवड्याला, आता तर एक उतरतोय तोवर दुसरा निघतोय. तोच बूस्टर धुऊनपुसून पुन्हा वर पाठवतात, आपल्या धार रोडच्या बसेससारखा. पहिल्यांदा मेथी यायची बंद झाली, मग नातवंडं. शेवटी रघुवीरजींना मी गच्चीवरून हाक मारली तर दाढी करता करता म्हणाले, “भिया, अब इसमें क्या देखना, वो तो उतर ही जाएगा.” माणूस वाईट नाही, पण मला ते फार लागलं. उतरणारच आहे म्हणून बघायचं नाही, हा कुठला न्याय? उलट, इतक्या वरून येऊन रोज नीट उभं राहणं ही काय साधी गोष्ट आहे?

सुमन गेल्यावर आपण दोघंच राहिलो. तुम्ही जिन्यावरून सपाता वाजवत खाली यायचात, मी गणपती पाण्यात ठेवायचो, तुम्ही ‘अंधश्रद्धा’ असं पुटपुटायचात आणि पाणी कमी वाटलं तर स्वतःच वाढवायचात. आता वरून सपाता वाजत नाहीत. मी तुमची खोली झाडतो, पलंगावरची चादर बदलतो (कोणी न झोपता चादर कशी मळते हे गणितात बसत असेल तर कळवा), आणि खाली येऊन एकटा बघतो. आणि तुम्ही! ज्यांच्या खिडकीतून ते उडताना दिसतं असे तुम्ही मला कळवता, “काल तावदानं हलली, उन्मेष म्हणाला रॉकेट असेल, मी झोपलो होतो.” मी ते वाचलं आणि माझा चहा गार झाला. इंदुरात बसून मी डोळे ताणतोय आणि तिथे तुम्ही कुशी बदलताय.

असो. तर बेटमा. सुमनचे थोरले भाऊ अप्पासाहेब यांच्या नातवाचा, भूषणचा, साखरपुडा रविवारी तिथे होता. त्या सकाळी एक उड्डाण होतं आणि नियमाप्रमाणे गणपती पाण्यात होता. ऐनवेळी तिकडे वारा सुटला आणि उड्डाण दुपारवर गेलं. आता आली पंचाईत. देव बाहेर काढता येत नाही, एकटा सोडता येत नाही, आणि घरात मी सोडून पाल तेवढी आहे. पूर्वी तीन माणसं होती तेव्हा सुमनचा नियम सोपा होता. हल्ली उड्डाण रोजचंच, त्यामुळे मी बाहेर जवळजवळ पडतच नाही, भाजीसुद्धा रघुवीरजी आणून देतात. पण मेव्हण्याकडचं कार्य टाळता येईना. शेवटी मी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा काढला, त्यात पाणी भरलं, गणपती आत बसवला, आणि गंगवाल स्टँडला जाऊन बस धरली. डबा मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, “भाईसाब, श्रीखंड है क्या?” मी हो म्हटलं. प्रवासात खरं सांगत बसलो तर उतरायचं ठिकाण निघून जातं.

बेटम्यात उतरलो तर दारातच अप्पासाहेबांची सून मधुरिमा. पाहुण्याच्या हातात डबा म्हणजे आत खायचंच असणार, या हिशेबाने तिने तो माझ्या हातातून घेतला आणि मी जोडे काढेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवूनही टाकला. मी मागायला गेलो तर म्हणाली, “काका, किती संकोच, पंगतीत वाढते ना.” मला वाटलं, जवळ माणसं आहेत, देव एकटा नाही, राहू दे. इथेच चुकलो. व्याही मंडळी पानांवर बसली, आणि मधुरिमाने हातात डाव घेऊन, सगळ्यांसमोर, “इंदूरच्या काकांनी खास आणलंय,” असं म्हणत डबा उघडला. आत थंडगार पाण्यात गणपती.

त्या पंगतीत देव पाण्यात म्हणजे काय हे न कळणारं एकही माणूस नव्हतं. डाव खाली ठेवून मधुरिमा माझ्याकडे बघायला लागली. अप्पासाहेब पानावरून उठले. त्यांच्या घराण्यात होळकरांच्या फौजेत माणसं होती, त्यामुळे ते हळू बोलले तरी बेटम्याच्या बाजारापर्यंत ऐकू जातं. “जावईबापू, छुपवू नका. दवाखान्यात कोण भर्ती आहे?”

मी म्हटलं, कोणी नाही हो, रॉकेट आहे.

हे सांगायला नको होतं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि माझ्या डोक्यावर परिणाम झाल्याचं सगळ्यांनी मनातल्या मनात मान्य करून टाकलं. मग हिशेब सुरू झाला. याची बायको तर गेलेली, मूलबाळ नाही, उरला कोण? थोरला भाऊ. तो अमेरिकेत. दिवाळीला येणार होता, आला नाही. संक्रांतीलाही येत नाहीये. एरवी तिथे कशावरही एकमत व्हायला फार वेळ लागतो, पण तुमच्या बाबतीत लगेच झालं. बायकांनी अथर्वशीर्ष सुरू केलं, नवरीच्या आजीने मला खुर्चीत बसवून पदराने वारा घातला, आणि उरलेल्या सर्वांनी फोन काढले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही झोपेतून बोललात त्यामुळे तुमचा आवाज खोल गेल्याचं निदान झालं. मग खात्री पटावी म्हणून उन्मेषने तुम्हाला चित्रासकट दाखवलं, तर तुम्ही गळ्यापर्यंत पांघरूण घेतलेले, चष्मा नाही, कवळी नाही. तेव्हा तर ज्यांनी रडायचं राखून ठेवलं होतं त्यांनीही रडून घेतलं. शेवटी तुम्ही कवळी घालून अप्पासाहेबांवर ओरडलात तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि भूषणच्या बोटात अंगठी गेली.

दादा, खोटं कशाला बोलू, त्या अर्ध्या तासात मला लाज वाटायला हवी होती ती वाटली नाही. पाठीवर कोणाचा तरी हात होता. दोन बायका माझ्या पानात काय आहे ते बघत होत्या. बऱ्याच दिवसांनी कोणी मला जेव जेव म्हणत होतं. इथे घर खायला उठतं, पण तसं कोणाला सांगायचं म्हणजे कारण द्यावं लागतं, आणि मला ताप सोडून दुसरं कारण नसतं. मठ्ठा वाढेपर्यंत तिकडे उड्डाण झालं होतं. मी मोबाइल उघडून अप्पासाहेबांना दाखवलं, बघा, हा आला, हा उभा राहिला. त्यांनी जिलेबी खाता खाता एकवार पाहिलं आणि म्हणाले, “बस? इतकंच? हे तर रोज उतरतं.” मी मोबाइल बंद केला.

तरी झाल्या प्रकाराबद्दल तुमची, उन्मेषची आणि संहिताची क्षमा मागतो. मधुरिमाला तुम्हीच एकदा फोन करून ठणठणीत आवाजात बोला. पानं संपली, वीजही जाईलसं वाटतं. गुडघ्याला तेल लावत जा. उन्मेषला व संहिताला आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक (वय झालं तरी),
लक्ष्मीकांत

ता. क. रघुवीरजी विचारत होते, तुम्हाला लवंगी शेव पाठवायची का. मी नको म्हणून सांगितलं. ती इथे येऊन ताजीच खायची असते. हे मी तुम्हाला बोलावण्यासाठी लिहिलेलं नाही, फक्त शेवेची माहिती म्हणून.

ता. क. आणखी एक. पाकीट चिकटवून पुन्हा उघडलं. बेटम्याला बूस्टर उतरला हे खरं, पण मी गणपती बाहेर काढला नाही. तो डब्यातूनच घरी आला आणि पुन्हा पातेल्यात बसला. खरं म्हणजे, तुमचं दिवाळीचं येणं पुढे गेलं त्या दिवसापासून तो पाण्यातच आहे, रॉकेट फक्त विचारलं तर सांगायला. देव कोणासाठी पाण्यात आहे हे त्या पंगतीने बरोबर ओळखलं होतं, फक्त आजार चुकला. पितळ हिरवं पडायला लागलंय. तुम्ही येणार नसाल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे त्याला चिंच लावून घासतो आणि देव्हाऱ्यात ठेवतो, त्याने तरी किती दिवस गारठायचं? मात्र दोन ओळी लिहा. नुसता अंगठा पाठवलात तर मी त्याचा अर्थ ‘येतो’ असा लावीन, आणि विमानतळावर पातेलं घेऊन उभा राहीन.