अंजम्माचा डबा

सोलापूर, गुरुवार

आईस बुद्धप्रियाचा जय भीम.

घशाचं ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली, काळजी करू नकोस. सोमवारपर्यंत बोलायचं नाही, म्हणून फोनऐवजी हे पत्र. तुझे गुडघे कसे आहेत? दादा औषध वेळेवर आणतो ना?

जेवणाची सोय शेजारच्या अंजम्मानं केली आहे. ती चादरीच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरते आणि कामावर जाता जाता मला डबा देते. काल मी डबा घासून परत दिला आणि पाटीवर ‘आभारी आहे’ असं लिहून दाखवलं. ती दारातून हलेना.

“रिकामा डबा देऊ नये, बाई. साखरेचे चार दाणे तरी टाका की.”

मी पाटीवर ‘अंधश्रद्धा’ लिहिलं.

“असू द्या की. आधी टाका, मग भांडू. आत्ता तर तुमाला बोलता बी येत न्हाय.”

मी साखर टाकली. तिनं ती तिथंच खाल्ली आणि हसत कामाला गेली.

करकंबच्या सभेत बोलायला मी जाणारच आहे. पाणी, रेशन, शाळा हे आपले हक्क आहेत, त्यांच्यासाठी कुणापुढं हात जोडू नका, हे पुन्हा ठणकावून सांगायचं आहे. पण शेजारणीच्या भाकरीवर आपला हक्क नसतो, तिथं चार दाणे तरी परत द्यायचे असतात, हे वाक्य माझ्या भाषणात कधीच नव्हतं. ते आता घालणार आहे.

आवाज पूर्वीसारखा येईल का, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. नाही आला, तरी तेवढं वाक्य हळू आवाजातही म्हणता येईल.

जिवाला जप.

तुझी,
बुद्धप्रिया